नावाच्या जागी

लिफ्ट मजल्याच्या वीतभर खालीच थांबली. व्हेस्टानं सवयीनं "तिसरा मजला, टोप्या, हातमोजे" असं म्हणत दार सरकवलं, तर समोर टोप्यांच्या ऐवजी सिमेंटची करडी कड आणि तिच्यावर ताटकळत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांचे बूट. मागे एका बाईच्या हातून खोका निसटला. रोज दुकानात फक्त ऊब खायला येणारे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "काय व्हेस्टाबाई, आज शिडी द्यायची विसरलात वाटतं?" सगळे हसले, व्हेस्टाही हसली. सिनसिनाटीतल्या या मोठ्या दुकानात ती लिफ्ट चालवायला लागली त्याला इतकी वर्षं झाली होती की दांडा किती ओढायचा हे तिचा तळहात परस्पर ठरवायचा. काउंटरवरच्या पोरी म्हणायच्या, व्हेस्टाच्या लिफ्टमध्ये काठोकाठ भरलेला सूपचा वाडगा ठेवला तरी थेंब सांडायचा नाही. आज तळहात चुकला होता, आणि का चुकला ते तिला ठाऊक होतं. तिच्या पाठीशी, कोपऱ्यात, गाण्याची तबकडी बगलेत धरून उभी असलेली, केस मोकळे सोडलेली एक मुलगी गुणगुणत होती. आधी नुसती चाल होती, तोपर्यंत व्हेस्टाच्या मानेवर फक्त काटा आला होता. मग चालीत शब्द आले.

कोण आली गं ओल्या पायांनी?
लिओटा आली, लिओटा आली.
चुलीपाशी जागा द्या गं,
मातीत थंडी फार झाली.

गाणं मेलेल्या बाईचं होतं. लिओटा ही व्हेस्टाची बहीण, तिच्याहून थोडी मोठी, चांगली जिवंत, अजून केंटकीच्या डोंगरात स्पाइसवुडच्या खोऱ्यात राहणारी. ती शुक्रवारच्या बसनं छातीतली गाठ काढून घ्यायला इथं येणार होती. आणि त्या गाण्यात तिचं नाव व्हेस्टानं घातलं होतं.

व्हेस्टानं लिफ्ट वर घेतली, तिची फरशी मजल्याला लावली, माणसं उतरली, नवी चढली, पुढच्या मजल्यावर नवीही उतरली. ती मुलगी मात्र कुठं उतरायचं हे विसरून गुणगुणत उभीच. लिफ्टमध्ये दोघीच उरल्या तेव्हा व्हेस्टाला राहवलं नाही. "हे गाणं कुठं मिळालं गं तुला, पोरी?" तिनं विचारलं. मुलीनं तबकडीचं पाकीट पुढे केलं. "यात आहे. आता सगळेच म्हणतात की. फार जुनं आहे, डोंगरातलं, भुताचं. कोणी प्रोफेसर तिकडून घेऊन आला म्हणे, पुस्तकात पण आहे." मग ती व्हेस्टाच्या तोंडाकडे बघायला लागली. "तुम्ही तिकडच्याच का? बोलता तशा." "छे गं," व्हेस्टा म्हणाली, "मी इथलीच." "मला तर बाई त्या लिओटासाठी रडूच येतं. खरंच असेल का हो ती कोणी?" व्हेस्टानं दांड्यावरचा हात घट्ट केला. "मला काय माहीत," ती म्हणाली. "तुला वर जायचंय का खाली, ते सांग."

त्या दिवशी उरलेला सगळा वेळ ती वरखाली करत राहिली. लिफ्टमध्ये माणसाला एक बरं असतं, कुठं जायचं हे दुसरा सांगतो. पण दोन मजल्यांच्या मधे, जाळीतून नुसती भिंत सरकताना दिसते तेवढ्यात, माणूस एकटा सापडतो. त्या भिंतीवर तिला खोऱ्यातलं घर दिसायचं. शेंगा ओवायचे दिवस. उन्हाळ्याच्या अखेरीस शेंगांचा ढीग घरात येऊन पडायचा, आणि अख्खं घर सुईदोरा घेऊन शेंगा ओवायला बसायचं. त्यांच्या माळा छताला टांगल्या की वाळून कातड्यासारख्या व्हायच्या आणि हिवाळाभर पुरायच्या. त्याच दिवसांत, आणि फक्त त्याच दिवसांत, माय ते गाणं म्हणायची. डोळे मिटून, तोंड भिंतीकडे करून, जणू ऐकणारी माणसं नाहीतच घरात. नाव कोणाचंच घ्यायचं नाही हा शिरस्ता. नावाच्या जागी ती खुर्चीच्या हातावर बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकायची. टक टक आली, टक टक आली. त्या ठोक्यात ज्यानं त्यानं आपलं गेलेलं माणूस मनात आणायचं. लहानपणी व्हेस्टानं विचारलं होतं तेव्हा माय म्हणाली होती, "ते नाव नाही बये, ती बसायची जागा आहे. नाव घेतलं की त्या नावाच्या माणसाला उठून यावं लागतं. कशाला बिचाऱ्यांना उठवायचं?" गाणं चालू असताना चुलीपाशी एक खुर्ची रिकामी ठेवायची आणि शेवटचा शब्द संपला रे संपला की घरातल्या कोणीतरी धावत जाऊन तिच्यावर बसायचं. रिकामी जागा गेलेल्यांची, कोणी बसलं की ती पुन्हा जिवंतांची. दोघी बहिणी शेंगा भिरकावून देऊन त्या खुर्चीसाठी पळायच्या. लिओटाच पोचायची आधी, तिचे पाय लांब होते. व्हेस्टानं ढकलायला सुरुवात केली की ती तंगड्या पसरून म्हणायची, "सरक! मी धरलीय जागा."

सरक हा शब्द त्या काळात रोजचाच होता. एकाच पलंगावर, एकाच गोधडीत दोघी झोपायच्या. लिओटाचे पाय बारा महिने गार. गोधडीत शिरली की ती आधी आपले थंडगार तळवे व्हेस्टाच्या पोटऱ्यांना लावायची आणि वर म्हणायची, सरक. पुढे किती वर्षं व्हेस्टा या शहरात एकटी झोपली, पण थंडीत तिच्या पोटऱ्या आपसूक आखडायच्या.

आणि मग तो प्रोफेसर आला होता. थर्लो त्याचं नाव. मोटार खाली ओढ्याशी अडकली, तेव्हा गाणी धरायचं यंत्र त्यानं खेचरावर लादून वर आणलं. खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांना तो विषय महिनाभर पुरला. अस्वलं धरणारे पाहिलेत, दारू धरणारे पोलीस पाहिलेत, गाणी धरणारा हा पहिलाच, असं म्हणून ते मांड्या थोपटत. माणूस वाईट नव्हता. मायचं गाणं ऐकताना त्याचे डोळे पाण्यानं भरले होते हे व्हेस्टानं स्वतः पाहिलं होतं. पण ठोक्याच्या जागी त्याची पेन्सिल अडली. "इथं नाव काय आहे, मिसेस लेडफर्ड?" "नाव नाही," माय म्हणाली. "पण मग ओळ रिकामी राहते." "राहू द्या की," माय म्हणाली, "तुमच्याकडे खायला मागते का ती?" घर हसलं. प्रोफेसरही हसला, आणि अवघडून त्यानं दारापाशी उभ्या असलेल्या व्हेस्टाला विचारलं, तूही गातेस का म्हणून. व्हेस्टा तोंड उघडणार तोच लिओटा शेंग मोडत म्हणाली, "ही? हिनं तोंड उघडलं की गाय पान्हा चोरते." या वेळी हसू मोठं होतं. मायसुद्धा हसली. प्रोफेसरनं रुमाल तोंडाला लावला. व्हेस्टाचे कान तापले, आणि त्या कानांचा ताप अजून, या लिफ्टमध्ये, पांढऱ्या कापडी टोपीखाली तिला जसाच्या तसा जाणवला. एवढंच झालं होतं. यापेक्षा जास्त काही झालं असतं तर तिला स्वतःला माफ करायला सोपं गेलं असतं.

त्याला ओंडक्याच्या पुलापर्यंत पोचवायला मायनं व्हेस्टालाच पाठवलं. पुलाशी त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "मिस लेडफर्ड, तुमच्या आईला बहुतेक आठवत नाही. तुम्हाला नक्की माहीत असणार." मिस लेडफर्ड असं तिला त्याआधी कोणी म्हटलं नव्हतं. पाणी खळखळत होतं, तो पेन्सिल धरून थांबला होता, आणि एका शिकलेल्या माणसाला हवी असलेली वस्तू आपल्यापाशी आहे अशी ती आयुष्यातली पहिलीच वेळ. आधी तिनं मनात स्वतःचं नाव घालून पाहिलं, हे खरं होतं. पण व्हेस्टा आखूड पडत होतं, ओळ लंगडायची. लिओटा बरोबर बसलं, मापानं शिवल्यासारखं. "लिओटा," ती म्हणाली. त्यानं ते लिहून घेतलं, ओळ म्हणून पाहिली आणि आनंदानं तिचा हात हातात घेतला. मन थाऱ्यावर असलं की व्हेस्टा स्वतःला सांगायची, मापात बसलं म्हणून सांगितलं, त्यात काय. पण मन थाऱ्यावर नसलं की तिला आठवायचं, ते नाव उच्चारताना कान थंड झाले होते. बरं वाटलं होतं.

पुढच्या वर्षी शेंगा ओवताना मायनं खुर्चीवर ठोकलं, तेव्हा त्या ठोक्यात व्हेस्टाला बहिणीचं नाव स्पष्ट ऐकू आलं. समोर लिओटा हसत शेंगा ओवत बसली होती. त्या हिवाळ्यात व्हेस्टा शहरात निघून आली. कामासाठी गेली असं सगळे म्हणाले आणि तिनंही तेच म्हटलं. मग एकेक बातमी येत गेली. लिओटाचं पहिलं मूल जन्मताच गेलं, दुसरंही तसंच. नवरा, हॉबर्ट, खाणीत दरड कोसळून गेला. खाणीत माणसं जातात, डोंगरात मुलं जातात, यात गाण्याचा काही संबंध नाही हे कोणीही सांगितलं असतं. व्हेस्टा दर वेळी काळे कपडे घालून जायची, भांडी घासायची, लोकांना कॉफी द्यायची आणि लिओटाच्या डोळ्यांना डोळा देत नसे. त्यातच तिच्या ध्यानात आलं होतं की बहिणीला नावानं हाक मारणं आपल्याला जमत नाही. जीभ उचलायची आणि थांबायची. ती अगं म्हणायची, ए म्हणायची, हातानं खुणावायची. निदान ते गाणं कुठल्या तरी कॉलेजच्या तळघरात धूळ खात पडलं असेल, याचा तिला आजवर आधार होता. आता तोही गेला. आता केस मोकळे सोडलेल्या मुली कॉफीच्या अड्ड्यांवर बसून लिओटाला बोलावत होत्या, शहराशहरांत, रोज, आणि गाणं संपल्यावर खुर्चीवर बसून तिला परत पाठवायचं असतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी बसस्टँडवर गर्दी होती. डोंगरातून येणाऱ्या बसमधून नेहमीसारखी पोती, ट्रंका, पिंजऱ्यातल्या कोंबड्या आणि कामाच्या शोधातले तरुण उतरत होते. लिओटा मागच्या दारानं उतरली आणि चुकीच्या बाजूला चालायला लागली. "ए बाई! अगं!" व्हेस्टा ओरडली. निम्म्या बायका वळून बघायला लागल्या, लिओटा नाही. शेवटी धावत जाऊन तिनं बहिणीची बाही धरली. कोट अंगावर टांगल्यासारखा होता, आत माणूस कमी झालं होतं. "ए बाई काय गं?" लिओटा म्हणाली. "मला काही नाव नाही का? का शहरात आल्यावर डोंगऱ्या बहिणीची लाज वाटते?" मग तिनं व्हेस्टाला आपल्या हाडकुळ्या छातीशी ओढलं, एका बाजूनं, दुखऱ्या बाजूला लागू न देता. पिशवीत वाळलेल्या शेंगांच्या माळा होत्या, काकवीची बरणी होती आणि सफरचंदाचा थराथरांचा केक, कापडात गुंडाळलेला. "हे कशाला आणलंस एवढं?" "तू इथं काय खातेस ते माहीत आहे मला," लिओटा म्हणाली, "डब्यातलं गवत."

शनिवारी ती म्हणाली, तुझं ते वरखाली जाणारं खोकं दाखव. नाही म्हणायला कारण सापडलं नाही. लिफ्टमध्ये ती कठड्याला धरून उभी राहिली आणि लिफ्ट खाली जाताना पोटावर हात ठेवून म्हणाली, "हॉबर्टला खाणीत उतरताना असंच होत असेल, नाही? रोज." व्हेस्टानं मजले पुकारले. चौथ्या मजल्यावर तबकड्यांचा विभाग होता आणि तिथं दिवसभर काही ना काही वाजत असे. "मला चौथा बघायचाय, काय असतं तिथं?" "बंद आहे आज," व्हेस्टा म्हणाली. "चालू आहे की," मागचे म्हातारे गृहस्थ मदतीला धावले. दार उघडावं लागलं. नाचाचं काहीतरी वाजत होतं, ढोल आणि पितळी वाद्यं. लिओटा बाहेर पाऊल न टाकता ऐकत राहिली, मग बहिणीच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "राहू दे. चल खाली. मला नाही आवडत इथलं."

त्या संध्याकाळी शेंगा शिजल्या. डुकराच्या चरबीचा आणि धुराचा वास जिन्यापर्यंत गेला, तेव्हा शेजारचा एक केंटकीवाला रिकामी थाळी घेऊन दारात येऊन उभा राहिला आणि लिओटानं त्याला वाढलं. तो गेल्यावर ती मक्याचा पाव ताकात कुस्करत सहज म्हणाली, "गेल्या उन्हाळ्यात एक दाढीवालं पोरगं आलं होतं खोऱ्यात, गिटार घेऊन. ओसरीवर बसलं आणि मायची गाणी मलाच शिकवायला लागलं." व्हेस्टाचा घास तोंडात फिरायला लागला. "कुठलं गाणं?" लिओटानं तिच्या थाळीकडे पाहिलं. "शेंगा घे अजून," ती म्हणाली. "खात नाहीस तू काही."

एकच पलंग होता. लिओटा आत शिरली, "सरक," म्हणाली आणि तिचे पाय पोटऱ्यांना लागले. तेच पाय, तितकेच गार, फक्त आता खरखरीत झालेले. मातीत थंडी फार झाली. व्हेस्टा भिंतीला चिकटून पडून राहिली. सांगायचं, तर कोणासाठी सांगायचं? आपल्या छातीवरचा दगड उचलून जिच्या छातीत आधीच गाठ आहे तिच्यावर ठेवायचा, आणि वर आपण मोकळं व्हायचं? आणि नाही सांगितलं, आणि सोमवारी लिओटा ऑपरेशनच्या टेबलावरून उठलीच नाही, तर गाणं खरं होणार. मग मुली जिच्यासाठी रडतात ती लिओटा खरंच कोणीतरी असणार, आणि तिला तिथं नेऊन बसवणारी व्हेस्टा. हा विचार मूर्खपणाचा आहे हे तिला कळत होतं. ती शहरात राहत होती, वर्तमानपत्र वाचत होती, लसी टोचून घेत होती. कळून काही उपयोग होत नव्हता.

रविवारी चर्चहून आल्यावर तिनं धीर केला. लिओटा खिडकीपाशी बसून शेवटच्या शेंगा दोऱ्यातून सोडवत होती. "मला तुला काही सांगायचंय." "ऑपरेशनचं असेल तर नको. डॉक्टरनं सांगितलं तेवढं पुरे झालं." "तसं नाही. जुनं आहे." "जुनं असेल तर अजून थोडं टिकेल," लिओटा म्हणाली. "मीठ दे इकडं." व्हेस्टानं मीठ दिलं. नंतर कितीतरी वेळ तिला स्वतःचा राग येत राहिला, कारण मीठ देताना तिला सुटल्यासारखं वाटलं होतं.

सोमवारी सकाळी वॉर्डात पडदा ओढून घेतलेल्या एका लोखंडी पलंगावर लिओटा पांढरा झगा घालून पडली होती. केसांवर पांढरं फडकं बांधलेलं, मनगटावर नावाची पट्टी. व्हेस्टा पायथ्याशी टेकली होती. त्या पट्टीवरची अक्षरं वाचायची नाहीत म्हणून ती खिडकीकडे बघायची आणि पुन्हा पट्टीच दिसायची. इंजेक्शन देऊन झालं होतं, डोळे जड होतील असं सांगून नर्स गेली होती. "मायचं ते म्हण," लिओटा म्हणाली.

"कुठलं?"

"कुठलं म्हणजे? शेंगांचं."

"इथं? आणि आत्ता? ते काय आजारी माणसापाशी म्हणतात होय! देवाचं म्हणते एखादं."

"देवाचं मी दर रविवारी ऐकते, तेही जरा बऱ्या गळ्यातून. ते म्हण. बघू, गाय अजून पान्हा चोरते का."

इतक्या वर्षांनी ते वाक्य जसंच्या तसं समोर येऊन उभं राहिलं, आणि ते बोलणाऱ्या बाईचे ओठ पांढरे पडले होते. मग व्हेस्टानं तोंड भिंतीकडे केलं, डोळे मिटले आणि अगदी खालच्या आवाजात सुरुवात केली. आवाज फाटका होता. कोण आली गं ओल्या पायांनी. आता ती जागा येणार, तेवढ्यात पलंगाच्या लोखंडी दांडीवर ठोके पडले. टक टक. लिओटाच्या बोटातली अंगठी लोखंडावर वाजली होती, मायसारखीच, न चुकता. टक टक आली. चुलीपाशी जागा द्या गं. दुसरं कडवं आलं, कोण आली गं मोकळ्या केसांनी, पुन्हा टक टक, फणी माझी द्या गं कोणी, विंचरून घ्यायची वेळ झाली. पडद्यापलीकडच्या बाईनं कण्हणं थांबवलं. मग तिसरं, जाण्याचं. कोण निघाली उजाडायच्या आत? आणि ठोके पडले नाहीत.

व्हेस्टानं डोळे उघडले. लिओटाचा हात दांडीवर तसाच होता, बोटं वर उचललेली. ती व्हेस्टाकडे बघत होती, वाट बघत होती. झोप आली नव्हती तिला. ती जागा समोर मोकळी पडली होती, पुलावर पडली होती तशी, आणि व्हेस्टानं तिच्यात उडी टाकल्यासारखं आपलं नाव टाकलं. "व्हेस्टा निघाली," ती म्हणाली, "व्हेस्टा निघाली." ओळ लंगडली. तिनं ताणून पाहिलं तरी लंगडली. दार ओढा, जागा धरा गं, तिची वाट सुरू झाली.

"आखूड पडतं," लिओटा म्हणाली.

"काय?"

"तुझं नाव. आखूड पडतं तिथं. माझं बरोबर बसतं." तिची जीभ आता जड व्हायला लागली होती. "त्या दाढीवाल्यानं म्हणून दाखवलं तेव्हाच मी म्हटलं, घातलं कोणी का असेना, मापात घातलंय. मायनं तर नाही घातलं. मग राहिलं कोण?" ती हसायला गेली आणि दुखलं म्हणून थांबली. "पुलापर्यंत पोचवायला कोण गेलं होतं ते मला आठवतं की."

"अगं मी, त्या दिवशी मी," एवढंच व्हेस्टाला म्हणता आलं. सांगायचं ते सगळं आधीच सांगून झालं होतं, आणि ते तिनं सांगितलेलं नव्हतं. म्हणजे गेल्या उन्हाळ्यापासून, बसमधून उतरताना, लिफ्टमध्ये, गोधडीत, हिला माहीत होतं. माहीत असून हिनं काकवी आणली. व्हेस्टाला वाटलं, हिनं आपल्याला शिव्या द्याव्यात, केस धरून ओढावं, लहानपणी ओढायची तसं. "बोल ना काहीतरी," ती म्हणाली. लिओटानं डोळे मिटले.

"सरक," ती म्हणाली. "माझ्या पायांवर बसलीयस."

पडदा बाजूला झाला. चाकांचा पलंग घेऊन दोन पोरगे आणि एक नवीच नर्स आत आली, हातात कागद लावलेली पाटी, पाटीवर पेन्सिल. पोरग्यांनी सराईतपणे लिओटाला उचलून चाकांच्या पलंगावर घेतलं. ती आता अर्धवट झोपेत होती. "पेशंटचं नाव?" नर्सनं व्हेस्टाला विचारलं. नेण्याआधी विचारायचा नियम असावा, विचारणं साधंच होतं. पेन्सिल कागदावर टेकून थांबली होती. व्हेस्टानं त्या पेन्सिलीकडे पाहिलं, मग तिनं हात वर केला आणि पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकलं.

"बाई, मी नाव विचारतेय," नर्स म्हणाली.

व्हेस्टानं पुन्हा ठोकलं. टक टक. नर्सनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, सुस्कारा टाकला, लिओटाचं मनगट उलटं केलं आणि पट्टी मनातल्या मनात वाचून कागदावर खूण केली. चाकं हलली. लिओटाचे डोळे मिटलेलेच होते. "आत्ता जमलं तुला," ती पुटपुटली, आणि पोरगे तिला घेऊन गेले. चाकांचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग कुठलंतरी दार झुलून बंद झालं.

चादरीत लिओटाच्या अंगाएवढा खड्डा पडला होता. व्हेस्टानं हात ठेवून पाहिलं, तो अजून ऊबदार होता. तिनं बूट काढले, पलंगावर चढली आणि त्या खड्ड्यात, पाय पोटाशी घेऊन, बसली. पाय गार पडले होते. थोड्या वेळानं फरशी पुसणारी बाई बादली घेऊन आली आणि तिला पाहून थबकली. "अहो, पेशंटच्या पलंगावर बसायचं नसतं. उतरा बघू, चादर बदलायचीय."

"जागा धरलीय," व्हेस्टा म्हणाली. "बहीण येतेय माझी परत."

बाईनं दुसऱ्यांदा सांगितलं, मग तिसऱ्यांदा. व्हेस्टा सरकली नाही.